तीन साव्वास आणि दोन ‘हो’

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मांडीवर मावणारा, असं माझ्या खोक्यावर छापलं होतं. पण मला मांडीवर घेऊन बसलेलं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. सध्या माझा मुक्काम कालिम्नोस या ग्रीक बेटावर, पोथिया बंदराच्या वरच्या अंगाला, थेमेलिनाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. काम नसलं की त्या माझ्यावर स्वतः विणलेला जाळीचा रुमाल घालतात. माझी बॅटरी केव्हाच गेली. तार काढली की मी डोळे मिटतो.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. मला जोडणाऱ्या माणसांचे चेहरे मला आठवत नाहीत, नुसते हातमोजे आठवतात. तिथून मी आलो तो थेट बंदरावरच्या बोटीच्या तिकीट कचेरीत. काय दिवस होते ते! उन्हाळ्यात खिडकीबाहेर रांग लागायची, बोट भोंगा द्यायची आणि माझ्या कळांवर बोटांचा नुसता पाऊस पडायचा. ‘हा आहे म्हणून आपण आहोत,’ असं मालक सगळ्यांसमोर म्हणत. मीही जरा फुगलो होतो, कशाला खोटं बोलू? मग एक नवा, पातळ, चकचकीत गडी आला आणि मला फाटक्या झेंड्यांबरोबर कपाटात ठेवलं. त्या कपाटातल्या काळाबद्दल मी फारसं सांगत नाही. धूळ खाणं म्हणजे काय, ते मात्र मला तिथे कळलं.

त्या कपाटातून मला बाहेर काढलं ते आंथीने. ही कोळ्याची मुलगी, शहरात शिकून परत आलेली. चर्चमागच्या सभागृहात ती वयस्कर बायकांना संगणक शिकवायची. तिच्या वर्गातल्या सर्वांत हट्टी विद्यार्थिनी म्हणजे थेमेलिनाबाई. त्यांचं उभं आयुष्य दोरे-बटणांच्या दुकानात गेलेलं. दुकान बंद केल्यावर हात रिकामे ठेववेनात, म्हणून त्या शिकायला आल्या आणि महिनाभरात मला घरी घेऊन गेल्या.

‘‘काय बनवायचंय तुम्हाला मावशी? पत्र? चित्र?’’ आंथीने विचारलं.

‘‘माझी माणसं,’’ थेमेलिनाबाई म्हणाल्या, ‘‘माझी सगळी माणसं यात भरायची आहेत.’’

आता ही माणसं होती कुठे, तर टेलिफोनशेजारच्या भिंतीवर. त्यांच्या घरी तबकडीचा जुना फोन. त्याच्या बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर पेन्सिलीने, शाईने, एका ठिकाणी तर काजळाने नंबर लिहिलेले. नवऱ्याच्या हातचे, सासूच्या हातचे, त्यांच्या स्वतःच्या हातचे. ईस्टरच्या आधी बेटावरचं प्रत्येक घर चुना लावून घेतं. थेमेलिनाबाई तेवढा तुकडा सोडून बाकी भिंत रंगवत. तो चौकोन वर्षागणिक पिवळा पडत चालला होता आणि येणारी-जाणारी शेजारीण नाक मुरडायची. ‘‘बाई, ही भिंत आहे की तिकिटाची खिडकी?’’ असं एकदा तोंडावरच म्हणाली. ते त्यांना फार लागलं.

शिकवणी सुरू झाली. आंथीने तक्ता आखून दिला. नाव, आडनाव, फोन, गाव, नामदिन. थेमेलिनाबाईंना एवढ्यावर समाधान नव्हतं. दुकानात जसा प्रत्येक रंगाला खण, तसा त्यांना प्रत्येक गोष्टीला रकाना हवा होता. कोणाला गोड चालत नाही, कोणाची सून कोण, आणि शेवटी एक रकाना ‘रुसलेले’.

‘‘मावशी, असा रकाना नसतो हो!’’ आंथी हसून म्हणाली.

‘‘मग तुझ्या यंत्राला माणसं कळतच नाहीत.’’

रकाना घातला. आणखी एका गोष्टीवरून मात्र दोघींची चांगलीच जुंपली. आंथी म्हणाली, ‘‘प्रत्येक माणसाला एक क्रमांक देऊ. नावं सारखी निघतात, मग घोटाळा होतो.’’

‘‘माणसांना क्रमांक द्यायला माझं घर तुरुंग आहे का गं? देवाने नाव कशाला दिलंय?’’

आंथीने हात टेकले. नाव आणि आडनाव हीच ओळख, असं तिने मला सांगून ठेवलं. मीही मान डोलावली. सांगितलेलं ऐकणं हा माझा धंदाच आहे.

मित्रांनो, आमच्या बेटावर पहिल्या मुलाला आजोबांचं नाव देतात, आणि संत साव्वास तर बेटाचा राखणदार. थेमेलिनाबाईंचे आजोबा साव्वास हालकितिस, समुद्राच्या तळाशी बुडी मारून स्पंज काढणारे. त्यांना तीन मुलगे. तिघांच्या घरी पहिला मुलगा झाला आणि तिघांनीही मोठ्या मानाने नाव ठेवलं, साव्वास हालकितिस. एक थेमेलिनाबाईंचा सख्खा भाऊ, सातासमुद्रापलीकडे डार्विन शहरात राहणारा. एक चुलतभाऊ बोटीवर कप्तान. दुसऱ्याची खाली बंदरावर बेकरी. गावात यांचा गोंधळ कधीच झाला नाही, कारण गावात त्यांना कोणी साव्वास म्हणतच नव्हतं. लहानपणी होडीच्या काठावरचं मीठ चाटायचा म्हणून भाऊ तो ‘मिठ्या’, दुसरा ‘कप्तान’ आणि तिसरा ‘पाव’. भिंतीवरही तसंच लिहिलेलं होतं.

पण थेमेलिनाबाईंना मी सरकारी मामला वाटलो. एके सकाळी त्या चांगला झगा घालून माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘यंत्रात का टोपणनावं घालायची? लोक काय म्हणतील?’’ मग त्यांनी भिंतीवरून वाचत वाचत पहिला साव्वास हालकितिस भरला, तो भाऊ. त्याच्या ओळीत ‘रुसलेले’ या रकान्यापाशी त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. शेवटी तो रकाना त्यांनी रिकामाच ठेवला. दुसरा भरताना मी विचारलं, ‘या नावाची व्यक्ती आधीच आहे. जुन्या माहितीच्या जागी नवी ठेवू का?’

त्यांनी पहिलं वाक्य वाचलं आणि खूश झाल्या. ‘‘आहेच मुळी! आजोबांचं नाव आहे, सगळ्यांचंच आहे!’’ आणि ‘हो’ दाबलं.

कप्तान आला, भाऊ गेला. तिसऱ्या वेळी मी पुन्हा विचारलं. पुन्हा ‘हो’. पाव आला, कप्तान गेला. मला दोष देऊ नका मित्रांनो, मला विचारता येतं, ओरडता येत नाही.

त्या ईस्टरला थेमेलिनाबाईंनी पहिल्यांदा सगळी भिंत रंगवली. चुन्याचे हातावर हात दिले. शेजारीण या वेळी नाक न मुरडता पाहून गेली, आणि बाई दिवसभर गुणगुणत राहिल्या.

उन्हाळा गेला आणि डिसेंबरात संत साव्वासचा सण, म्हणजे त्या नावाच्या सगळ्यांचा नामदिन आला. इथे नामदिनाला आमंत्रण नसतं. ज्याचं नाव आहे तो घरी बसतो आणि बाकीच्यांनी आठवण ठेवायची असते. थेमेलिनाबाई पहाटेच उठल्या, घट्ट कॉफी केली आणि मला जागं केलं. डार्विनमध्ये तेव्हा दुपार उलटत आली होती. त्यांचा आणि भावाचा वर्षातून हा एकच फोन. वडील गेल्यावर त्यांची होडी बाईंनी भावाला न विचारता विकून टाकली होती. त्यानंतर भावाने आपण होऊन कधी फोन केला नाही. पण नामदिनाला बहिणीचा फोन आला की तो उचलायचा. ‘‘खूप वर्षं जग.’’ ‘‘तूही.’’ हवापाणी, तब्येत, संपलं. होडीचं नाव नाही. तेवढ्या दोन मिनिटांवर ते नातं तग धरून होतं.

मी एकच साव्वास दाखवला, आणि तो पाव.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, मला पालथं घालून पाहिलं. मग त्याच नंबरावर फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला असतो, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येतं.

‘‘खूप वर्षं जग साव्वास. ऐक, माझ्या भावाचा नंबर दे ना.’’

‘‘तुझ्या भावाचा? मला विचारतेस?’’ पाव हसायला लागला. ‘‘अगं, आम्हाला लागला की आम्ही तुलाच विचारायचो! सगळ्या खानदानाचे नंबर तुझ्या भिंतीवर. कप्तानाचंही तेच. भिंत काय झाली?’’

‘‘रंगवली.’’

पाव हसायचा थांबला. ‘‘उद्यापर्यंत शोधून काढू. डार्विनला आपली माणसं काय कमी आहेत?’’

‘‘उद्या नको. नामदिन आज आहे,’’ बाई म्हणाल्या, ‘‘उद्या केला तर त्याला ती आठवण वाटणार नाही रे, सबब वाटेल. आधी होडी, आता हे. तो म्हणेल, हिने हेही विकून खाल्लं.’’

आंथी धावत आली. तिने माझं सगळं पोट धुंडाळलं. एका माणसावर दुसरा लिहिल्यावर पहिला कुठून सापडणार? ‘‘मावशी, त्याने विचारलं होतं,’’ ती हळूच म्हणाली.

‘‘मग मला हलवून जागं करायचं होतं त्याने!’’

आणि बाईंनी पाव कापायची सुरी उचलली. मी घाबरलो, खरंच सांगतो. पण त्या गेल्या भिंतीकडे. टेलिफोनच्या बाजूचा चुना त्या खरवडायला लागल्या. पापुद्रे झग्यावर, फरशीवर, कॉफीच्या कपात पडत होते. आंथी म्हणाली, ‘‘जपून.’’ हळूहळू भावाच्या नंबराचे आकडे दिसायला लागले. शून्य, शून्य, सहा, एक, आठ. पुढचा आकडा अर्धा दिसला आणि चुन्याचा मोठा पापुद्रा पेन्सिलीच्या खुणेसकट खाली गळून पडला. बाई तशाच उभ्या राहिल्या, सुरी हातात. खरवडता खरवडता इकडे दुपार झाली होती, डार्विनमध्ये आता रात्र पडली होती.

तेवढ्यात फोन वाजला.

‘‘थेमेलिना?’’ आवाज खोलीभर घुमला. होडीवर वाढलेली माणसं फोनवरही समुद्राच्या पलीकडे हाक मारतात. ‘‘जिवंत आहेस ना?’’

‘‘आहे.’’

‘‘मग? दुपारपासून खुर्ची फोनपाशी घेऊन बसलोय. जेवण गार झालं. बायको म्हणते, झोपा आता, विसरली ती. म्हटलं, ती विसरायची नाही, मेली असेल.’’

बाईंना हसू आणि रडू एकदम आलं. ‘‘तुझा नंबर गेला रे मिठ्या.’’

‘‘गेला म्हणजे?’’

माझ्याकडे बोट दाखवायची ही नामी संधी होती. मी वाट पाहत होतो. पण बाई म्हणाल्या, ‘‘मीच पुसला. या यंत्राने मला विचारलं, जुन्याच्या जागी नवं ठेवू का. मी धड वाचलं नाही, हो म्हणून टाकलं.’’

मग तो म्हणाला, ‘‘होडीसारखं.’’

आंथीने मान खाली घातली.

‘‘नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘यंत्राने निदान विचारलं. होडीच्या वेळी मी तुला विचारलंसुद्धा नव्हतं. विचारायला हवं होतं. चुकलं माझं.’’

इतक्या वर्षांत जे फोनवर कधी आलं नव्हतं, ते आलं. मला वाटलं, आता तो फोन ठेवणार.

‘‘पेन आहे का हाताशी?’’ भाऊ म्हणाला. त्याचा आवाज आता एवढा बारीक झाला होता की बाईंनी फोन कानात खुपसला. ‘‘नंबर घे. आणि नामदिनाचीच वाट बघायला हवी असं काही नाही.’’

पेन शोधण्याइतका धीर बाईंना नव्हता. त्यांनी सुरीच्या टोकाने आकडे सरळ चुन्यात कोरले.

त्या आठवड्यात आंथीने माझ्यात नवा रकाना आखला. बाईंनी एकेकाला क्रमांक दिला आणि नावाशेजारी टोपणनावही लिहिलं. तुरुंगाचं नाव काढलं नाही. मिठ्याचा क्रमांक एक. ‘रुसलेले’ हा रकाना अजून आहे, त्यात शेजारणीचं नाव आहे.

मित्रांनो, मी आता थकलोय. एखाद्या दिवशी तार जोडूनही मी डोळे उघडणार नाही. तोवर माझ्यावर पाणी सांडू नका, माझी धूळ पुसा, आणि माझ्या पोटातल्या माणसांची एक प्रत दुसरीकडे ठेवा. पण त्याहून मोठं मागणं हे, की मी काही विचारलं तर शेवटच्या शब्दापर्यंत वाचा आणि मगच ‘हो’ म्हणा. आणि जिथे विचारणारं यंत्र नसतं, तिथे तुम्हीच विचारा.

परवा पुन्हा ईस्टरचा चुना झाला. थेमेलिनाबाईंनी सबंध स्वयंपाकघर रंगवलं. कुंचला टेलिफोनपाशी आला तसा मी रुमालाच्या जाळीतून पाहत होतो. माझ्यात तो नंबर आहे, प्रतीत आहे, बाईंना तर आता पाठ आहे. तरी कुंचला कोरलेल्या आकड्यांच्या बाजूबाजूने गेला आणि पुढे सरकला. पूर्वीचा फुगलेला मी असतो तर भिंतीवर रुसलो असतो.