मारिटचं मिनिट

बसमध्ये जागा पन्नास होत्या, नावं एकोणपन्नास लागली होती, आणि पन्नासावं नाव आर्लन ट्वेटचं लिहायला ड्वेन हॉफरचा हात काही केल्या उठत नव्हता.

सोमवारची संध्याकाळ. लव्हॉनच्या बारमध्ये अख्खी जांभळी टोळी जमली होती. जांभळा हा ब्रॅन्सबर्ग कॉलेजचा रंग. आदल्याच दिवशी राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेची गटवारी जाहीर झाली होती आणि ब्रॅन्सबर्गच्या मुलींना अकरा वर्षांनी त्यात जागा मिळाली होती. पण पहिलाच सामना कुणाशी, तर आयोवातल्या त्या बलाढ्य विद्यापीठाशी, आणि तोही त्यांच्याच मैदानात. तिथे दोन वर्षांत बाहेरचा एकही संघ जिंकलेला नव्हता. जायला सहा तास, सामना शुक्रवारी दुपारी, आणि शुक्रवारी हिमवादळ येणार म्हणून रेडिओ दर तासाला बोंबलत होता. त्यामुळे मुळात जायचं की नाही, यावरच आधी तासभर जुंपली.

"तीस पॉइंटांनी मार खायला सहा तास जायचं?" म्हातारा मर्ल म्हणाला. "मारच खायचा तर मी घरी बायकोच्या हातचा खातो. गरम तरी असतो."

"मग बस घरी, घोर टीव्हीसमोर!" ड्वेन खेकसला. "अकरा वर्षं वाट बघितली ती काय वादळाला भिऊन गोधडीत शिरायला? आणि यंदा आपण जिंकू शकतो. ऐकतोयस का? जिंकू शकतो!"

ड्वेन हा बसचा पुढारी. अशी कुठली निवडणूक झाली नव्हती, पण बस त्याच्या मेहुण्याची होती. शेवटी हात वर झाले आणि जायचं ठरलं. मर्लनेही हात वर केला, वर बायकोचाही धरून वर केला. मग यादी सुरू झाली आणि एकोणपन्नासावर येऊन अडकली.

आर्लन कोपऱ्यात एकटाच बसला होता. समोर तळलेल्या मटणाच्या तुकड्यांची बशी, तीही निवलेली. त्याच्या टेबलाशी बसायला कुणी तयार नव्हतं, आणि हे काही आजचं नव्हतं. जानेवारीपासून गाव त्याला पाण्यात बघत होतं.

झालं होतं असं की, आर्लनची मुलगी मारिट संघात होती. होती म्हणजे बाकावर होती. बाराजणींत बारावी. सामन्याचा निकाल लागल्यात जमा झाला, मग तो इकडचा असो की तिकडचा, की कोच रेनरबाई शेवटच्या मिनिटाला तिला आत पाठवायच्या. चार वर्षांत मिळून एकसष्ट मिनिटं खेळली होती पोरगी. आर्लनला एकेक मिनिट तोंडपाठ होतं. जानेवारीत शेजारच्या कॉलेजशी सामना होता. नऊ पॉइंटांची आघाडी, दोन मिनिटं बाकी. आर्लनला राहवलं नाही. तो उभा राहिला आणि ओरडला, "मारिटला पाठवा!" पोरांनी ते उचललं, सगळं मैदान टाळ्यांच्या तालावर ओरडायला लागलं, आणि रेनरबाईंनी नाइलाजाने तिला पाठवलं. दोनदा तिच्या हातून चेंडू हिसकावला गेला. आघाडी विरघळली, सामना जादा वेळेत गेला आणि ब्रॅन्सबर्ग दोन पॉइंटांनी हरलं. घरच्या मैदानातला यंदाचा तेवढाच पराभव.

त्यानंतर चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेना. ड्वेन तर तोंडावर बोलला. मग आर्लननेही मनात धरलं. तो काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा. त्या दिवसापासून सगळ्या रस्त्याचा बर्फ बरोब्बर ड्वेनच्या फाटकाशी जाऊन साठायला लागला.

"लिही की," आर्लन कोपऱ्यातून म्हणाला. "ट्वेटचं स्पेलिंग येत नाही का?"

"येतं ना. दर बुधवारी पहाटे फावडं मारताना त्या नावाचा जपच करतो मी," ड्वेन म्हणाला, आणि सगळे खदखदून हसले. मग त्याने पेन खाली ठेवलं. "हे बघ आर्लन, स्पष्टच बोलतो. या बसमध्ये आम्हाला अशी माणसं हवीत ज्यांना जिंकायचंय. तुझं काय ते मला ठाऊक नाही."

"माझी मुलगी आहे संघात! तुमच्यापैकी कुणाची आहे?"

"तेच तर दुखणं आहे," मर्ल पुटपुटला.

लव्हॉन इतका वेळ गल्ल्याशी ग्लास पुसत उभी होती. आर्लनशी अजूनही थोडंफार बरं बोलणारी ती एकटीच. तिने फडकं खांद्यावर टाकलं.

"गप्प बसा रे सगळे. आर्लन, मी एकच विचारते. शुक्रवारी आपण जिंकलो. एका पॉइंटने, कसेबसे. मारिट बाकावरून उठलीसुद्धा नाही. तू आमच्याबरोबर नाचशील?"

कोडं कुणालाच उलगडून सांगायला नको होतं. एवढ्या तगड्या संघाला ब्रॅन्सबर्ग फार तर निसटतं हरवणार, आणि निसटत्या सामन्यात रेनरबाई मारिटकडे ढुंकूनही बघणार नाहीत. मारिट खेळायची तर ब्रॅन्सबर्ग सपाटून हरायला हवं. आणि हे तिचं शेवटचं वर्ष. नुसतं "हो" म्हणायचं होतं. एक अक्षर. ड्वेनने पेनही पुन्हा हातात घेतलं होतं.

आर्लनने बशीकडे बघितलं. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं, आणि रागावल्यावर तर मुळीच नाही.

"नाही," तो म्हणाला. "नाही नाचणार. चार वर्षं पहाटे पाचला उठून ती पोरगी तुमच्या त्या लाडक्या खेळाडूंशी सरावात धडका घेते. तिचं बोट दोनदा मोडलंय. कुणी विचारलंत? मला तिचं एक मिनिट हवंय. तुम्ही हरलात तर हरा, नाहीतर जा खड्ड्यात!"

मग जो गोंधळ उसळला तो विचारू नका. कुणी खुर्ची लोटली, कुणी त्याच्या आईचा उद्धार केला. ड्वेनने पन्नासाव्या ओळीत आपल्या मेहुणीचं नाव इतक्या जोराने लिहिलं की कागद फाटला. लव्हॉन आली, तिने आर्लनच्या पुढची बशी उचलली.

"पैसे नकोत," ती म्हणाली. "पण ऊठ."

मंगळवारी सकाळी मारिटचा फोन आला. अशा बातम्यांना ब्रॅन्सबर्गमध्ये वेळ लागत नाही.

"पप्पा, तुम्ही असं म्हणालात? आम्ही हरलो तर हरू देत?"

"अगं, ते लोक..."

"म्हणालात की नाही?"

"म्हणालो."

"मी संघात आहे पप्पा," ती म्हणाली. "तुम्हाला कळतंय का, की *मी* त्या संघात आहे? सगळ्या मुली नाश्त्याला माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं काही मीच तुम्हाला शिकवून पाठवलं. जानेवारीत तुमच्या त्या ओरडण्यापायी मी आठवडाभर जेवले नव्हते. बाकावर बसून जिंकले तरी मी जिंकलेलीच असते. हे तुम्हाला कधी कळणारच नाही का?"

"मला फक्त तुला खेळताना..."

"येऊ नका तुम्ही. बसने नाही, ट्रकने नाही, कसेच नाही. टीव्हीवर बघा. माझी शपथ घ्या."

त्याने शपथ घेतली. दुसरं करणार काय? बायकोने, इंगाने, स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. "बरं झालं," एवढंच ती म्हणाली, आणि भांडी आपटत राहिली.

आर्लन बुधवारी शांत होता, गुरुवारीही होता. शुक्रवारी वादळ उत्तरेला सरकलं आणि आकाश स्वच्छ निघालं, तिथेच घात झाला. पहाटे चारला तो उठला, भावाच्या शेतावर जातो, सामना तिथेच बघतो, असं इंगाला सांगितलं आणि ट्रक आयोवाच्या रस्त्याला लावला. वाटेत एका पेट्रोल पंपावर त्याने पिवळी टोपी विकत घेतली. पिवळा रंग समोरच्यांचा. ती घालताना त्याला स्वतःची शिसारी आली, पण बसमधल्या पन्नास जोडी डोळ्यांपासून लपायचं तर दुसरा इलाज नव्हता. मैदानाबाहेर एका पोराकडून तिकीट मिळालं, अगदी छपराला डोकं टेकेल अशा रांगेतलं. आजूबाजूला सगळीकडे पिवळंच पिवळं, आणि खाली समोरच्या कोपऱ्यात जांभळा ठिपका. त्यात ड्वेन ढोल बडवत होता.

सामना सुरू झाला आणि ब्रॅन्सबर्गच्या मुलींनी कमालच केली. पहिल्या टप्प्यात त्या चार पॉइंटांनी पुढे! वीस हजार पिवळे चिडीचूप. आणि आर्लन मनातल्या मनात पिवळ्यांचे पॉइंट मोजायला लागला. आपल्या गावाची, आपल्या कॉलेजची आघाडी असताना पिवळ्यांचे पॉइंट! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. पण लाज वाटूनही तो बघत होता तो फलकाकडे आणि बाकाच्या शेवटच्या खुर्चीकडे. मारिट तिथे उभी होती, दोन्ही मुठी आवळून, घसा खरवडून ओरडत. प्रत्येक बास्केटला उड्या मारत होती.

मग पिवळ्यांना जाग आली. दुसऱ्या टप्प्यात त्यांनी धुतलं, तिसऱ्यात पिळलं, चौथ्यात वाळत घातलं. शेवटची दीड मिनिटं उरली तेव्हा ब्रॅन्सबर्ग एकतीस पॉइंटांनी मागे होतं. रेनरबाई वळल्या आणि त्यांनी बोट केलं. मारिटने अंगावरचा सदरा ओढून काढला.

पहिल्यांदा चेंडू हातात आला तेव्हा तिने नीट पुढे दिला. दुसऱ्यांदा डावीकडून आत घुसली, एका ढांगळ्या पोरीला खांद्याने हूल दिली आणि उडी मारली. चेंडू कडीवर आदळला, दोनदा नाचला आणि आत पडला.

जांभळा कोपरा खवळून उठला. ड्वेन हॉफर, तोच ड्वेन, दोन्ही हात वर करून तिचं नाव ओरडत होता. मर्ल नाचत होता. लव्हॉन डोळे पुसत होती. मारिट मागे धावता धावता त्यांच्याकडे वळली आणि तिने एक बोट वर केलं.

आर्लन उठला होता. तोंड उघडलं होतं, छाती भरून आली होती.

"अहो बसा ना, दिसत नाही!" मागची पिवळ्या कोटातली बाई म्हणाली. मग आपल्या नवऱ्याला, "बघ तरी, तीसेक पॉइंटांनी हरतायत आणि टाळ्या कसल्या पिटतायत बिचारे!"

तो ओरडला असता तर मारिटने तो आवाज वीस हजारांतून ओळखला असता. जानेवारीत ओळखलाच होता की. आर्लनने तोंड मिटलं आणि खाली बसला. त्याच्या मुलीच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या बास्केटला त्याने टाळीसुद्धा वाजवली नाही.

सामना संपल्यावर तो उत्तरेच्या दाराबाहेर पॉपकॉर्नच्या गाड्याशी थांबला. गर्दी ओसरल्याशिवाय ट्रककडे जाण्यात अर्थ नव्हता. तेवढ्यात फोन वाजला.

"पप्पा! मी बास्केट टाकली!" मारिटचा आवाज रडून बसला होता, तरी त्यात लहानपणीची ती जुनी फुशारकी होती. "काकांकडे आहात ना? थांबा, सगळं सांगते..."

"हो, हो! सांगतेस काय, बघितलं की मी!" आर्लन म्हणाला. चार वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. "डावीकडून काय घुसलीस! आणि त्या ढांगळीला काय हूल दिलीस! चेंडू कडीवर नाचला तेव्हा माझा जीव गेला होता, मारिट. दोनदा नाचला गं! आणि मग तू त्या ड्वेनकडे बघून बोट वर केलंस..."

तो बोलतच सुटला होता. पलीकडून हुंकारही येईना, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

"मारिट?"

"मी आधी आईला फोन केला होता," ती सावकाश म्हणाली. "ती हळहळत होती. फरक तीसवर गेल्यावर चॅनेलवाल्यांनी दुसरा सामना लावला. शेवटची चार मिनिटं टीव्हीवर कुणालाच दिसली नाहीत."

पुढच्या सामन्याचं तिकीट हातात तयार ठेवा, असं कर्ण्यावरून कुणीतरी सांगत होतं. आर्लनने फोनवर हात धरला, पण ते तिला ऐकू जायचं ते गेलंच.

"कुठे आहात तुम्ही?"

"बाहेर. उत्तरेच्या दाराशी."

"शपथ घेतली होती तुम्ही. माझी."

"हो."

"आमची कप्तान इथे फरशीवर पडून रडतेय, पप्पा. सगळ्याच रडतायत. झालं समाधान?"

नाही म्हणता आलं असतं. वाईट वाटतंय म्हणता आलं असतं, आणि ते अगदीच खोटं झालं नसतं. पण तिच्याशी आत्ताच एकदा खोटं बोलून झालं होतं, आणि ते किती वेळ टिकलं हेही दिसलं होतं.

"हो," तो म्हणाला. "झालं."

फोन बंद झाला. आर्लनने लगेच परत लावला. तो नुसताच वाजत राहिला, आणि समोरच्या दारातून बसमधली माणसं एकेक करून बाहेर यायला लागली. सगळ्यात पुढे ड्वेन होता.