डबल स्टँड

“लोणी,” मीटरवाले म्हणाले.

मोटारसायकलच्या पोटाखाली आडव्या झालेल्या सिस्टरांनी मान वळवून वर पाहिलं. “आत्ता? आत्ताच तर जेवलात ना हो!”

“लोणी!” मीटरवाल्यांनी डाव्या हाताची बोटं हवेत चोळून दाखवली. उजवा हात मांडीवर पडून होता, कुणी दुसऱ्याने सांभाळायला दिल्यासारखा.

सिस्टर कण्हत उठल्या, हात धुतले आणि आत जाऊन पावाच्या तुकड्याला लोणी लावून घेऊन आल्या. मीटरवाल्यांनी बशीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि बशी अशी भिरकावली की ती भिंतीवर आपटून फुटली.

“बरं झालं,” सिस्टर म्हणाल्या. “नाहीतरी टवका उडालेलाच होता तिचा.”

गल्लीत या जोडप्याला नावाने कुणी हाक मारत नसे. ते घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायचे म्हणून मीटरवाले, आणि त्या इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात नर्स म्हणून सिस्टर. दोघंही निवृत्त झाले, आता निवांत बसायचं असं ठरलं, आणि त्याच वर्षी मीटरवाल्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने कसाबसा चालू लागला, हात मात्र तसाच राहिला. आणि शब्दांचा पार विचका झाला. डोक्यात सगळं जागच्या जागी, पण तोंडातून निघताना एकाच्या जागी दुसराच शब्द बाहेर पडे. पाणी हवं असलं की ‘खिडकी’ म्हणायचे. मुलगी भेटायला आली तेव्हा ‘ये गं जिना’ म्हणाले. मुलगी आधी खो खो हसली आणि मग मोरीत जाऊन रडली.

सिस्टरांना मात्र आपल्या कानांचा भारी तोरा होता. दात नसलेले म्हातारे, जबडा बांधलेले अपघातातले लोक, भूल उतरताना बरळणारे, अशा सगळ्यांचं बोलणं त्यांनी डॉक्टरांना उलगडून सांगितलं होतं. मग स्वतःच्या नवऱ्याचं कळणार नाही? खिडकी म्हणजे पाणी हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं आणि शेजारणींना ते कौतुकाने सांगितलंही होतं.

आता या मोटारसायकलचं. मीटरवाल्यांनी हिच्यावरून सगळं गाव पालथं घातलेलं. आता ती अंगणात साइड स्टँडवर कललेली असायची, आणि मीटरवाले काठी टेकत जाऊन तिच्यावर बसायचा हट्ट धरायचे. मागे एकदा सिस्टरांची पाठ वळलेली पाहून ते बसले, गाडी सरळ करायला गेले आणि उजव्या पायाने दगा दिल्यावर गाडीसकट आडवे झाले. मुलीने फोनवर निकालच देऊन टाकला.

“आई, काढून टाक ती गाडी. एक दिवस जीव घेईल त्यांचा.”

“अगं, तेवढंच एक उरलंय त्यांचं.”

“आणि पडले की उचलणार कोण? तू? तुझी कंबर बघ आधी.”

तोडगा काढला कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने. डबल स्टँड बसवा म्हणाला, गाडी सरळ उभी राहील, मागचं चाक अधांतरी राहील, मग काकांना बसू दे दिवसभर. पण तो गाडी न्यायला आला तेव्हा मीटरवाले फाटकात काठी आडवी धरून उभे राहिले. गाडी विकायला चालवली आहे असं त्यांच्या मनाने घेतलं होतं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. मेकॅनिक स्टँड तिथेच ठेवून निघून गेला. मुलगी रविवारी गिऱ्हाईक घेऊन येणार होती. त्याच्या आत डबल स्टँड बसला तर गाडी राहील, नाहीतर जाईल, असा मायलेकींचा तह झाला. आज शनिवार.

“माणसांचे टाके काढलेत मी,” सिस्टर सकाळी पदर खोचून म्हणाल्या होत्या, “नट म्हणजे काय मोठंसं!”

मीटरवाले स्टुलावर बसून हत्यारं देत होते. हात चुकत नव्हता, जीभ चुकत होती. नेमका हवा तो पाना पुढे करायचे आणि म्हणायचे, “घे, चप्पल.” पक्कड देताना “घे, आत्या.” सिस्टर गाडीखाली पडून हसत होत्या. किती दिवसांनी दोघं मिळून काहीतरी करत होती.

मुख्य काम एवढंच होतं की स्टँडच्या दोन्ही कानांतून आणि गाडीच्या सांगाड्यातून एक जाड दांडी आरपार घालायची, तिला नट लावायचा आणि शेवटी स्प्रिंग अडकवायची. दांडी हातात घेतली तेव्हाच ते लोण्याचं प्रकरण झालं होतं. बशी फुटल्यावर सिस्टरांनाही राग आला होता. त्यांनी दांडी तशीच हातोडीने ठोकून आत घातली, नट आवळला आणि स्प्रिंगकडे वळल्या. मीटरवाले स्टुलावरून मान हलवत राहिले. सिस्टरांनी तिकडे बघायचं सोडून दिलं.

स्प्रिंग म्हणजे महा हट्टी प्रकार. पकडीने ओढली की निसटायची. शेवटी सिस्टरांनी घरातून जुनं बँडेज आणलं, त्याचा फास स्प्रिंगच्या आकड्यात घातला, पाय चाकाला टेकवून जोर लावला. आकडा खुंटीवर बसता बसता सुटला आणि सपकन त्यांच्या बोटांवर बसला.

“च्यायला!” मीटरवाले ओरडले.

सिस्टरांनी चमकून वर पाहिलं. मग सिस्टर बोटं काखेत दाबून हसायला लागल्या. इतका स्वच्छ, जागच्या जागी पडलेला शब्द कित्येक महिन्यांत घरात ऐकू आला नव्हता. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतंच की, जे शब्द जन्मभर वापरून गुळगुळीत झालेले असतात ते कधी कधी आपोआप, सबंधच्या सबंध बाहेर पडतात. बोलायचं ठरवून नाही, सवयीने.

“नेमकी शिवीच कशी राहिली हो तुमची!” सिस्टर म्हणाल्या. मीटरवालेही हसले, तोंडाच्या एका बाजूने.

दुसऱ्या खेपेला स्प्रिंग बसली. सिस्टरांनी पायाने स्टँड खाली दाबला. तो करकरत खाली गेला आणि वर येईना. स्प्रिंग ताणून बसलेली, स्टँड जागचा हलत नव्हता. लाथ मारून पाहिली, हातोडी मारून पाहिली. सिस्टर फरशीवर मटकन बसल्या. उद्या गिऱ्हाईक येणार होतं.

मीटरवाले काठीवर भार देऊन उठले. हत्यारांच्या पेटीपाशी गेले आणि काठीच्या टोकाने तळातला एक चपटा डबा सिस्टरांपुढे सरकवला. सिस्टरांनी झाकण उघडलं. आत पिवळट, मऊ ग्रीस होतं. मीटरवाल्यांनी कष्टाने वाकून त्यात बोट बुडवलं आणि बायकोच्या तळहातावर चोळलं.

“लोणी,” ते हळूच म्हणाले.

सिस्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. ग्रीस कपाळालाही लागलं. नट काढला, दांडी ठोकून बाहेर काढली, भरपूर ग्रीस फासून पुन्हा घातली. या खेपेला ती सुळकन गेली. स्टँड पायाने दाबताच खाली आणि सोडताच खटकन वर. मग शेजारच्या भाऊंना हाक मारून, दोघांनी जोर लावून गाडी मागे ओढली आणि ती डबल स्टँडवर चढली. ताठ उभी राहिली. भाऊ मीटरवाल्यांना वर बसवून, पाठ थोपटून गेले.

सिस्टरांनी ओट्यावरूनच मुलीला फोन लावला.

“गिऱ्हाईकाला सांग, गाडी विकायची नाही. बसवला मी स्टँड!” आणि मग सगळं रंगवून सांगितलं. “अगं, ग्रीसला लोणी म्हणत होते! मी आपली वेडी पावाला लोणी लावून घेऊन आले. शब्द कुठला कुठे जातो बघ त्यांचा.”

पलीकडून हसू आलं नाही.

“आई, बाबा ग्रीसला लोणीच म्हणतात.”

“म्हणजे?”

“पहिल्यापासून. गाडीला लोणी लावायचं म्हणायचे. मी लहान असताना डबा धरून बसायचे ना त्यांच्याजवळ. घरात कितीदा बोलायचे तसं. तू कधी ऐकलं नाहीस?”

“फोन ठेवते,” एवढंच सिस्टर म्हणाल्या.

ऐकलं असणार. कानांवर पडलं असणार. ड्यूटीवरून येऊन जेमतेम दोन घास खाल्ले की डोळे मिटायला लागायचे, आणि तेव्हाच मीटरवाल्यांना बोलायचं असायचं. आज कुठे कुत्रं मागे लागलं, कुणी कपाट हलवून मीटर दाखवला, कुठल्या म्हातारीने आकडा वाचून दाखवायला लावला आणि मग स्वतःच्या मुलाचं पत्रही वाचून घेतलं. सबंध गाव ते रोज घरी घेऊन येत. परक्या माणसांचं अर्धवट बोलणं सिस्टरांनी कान लावून ऐकलं होतं, त्याचा पगार मिळत होता. घरी एक माणूस धडधाकट शब्दांत बोलत होता आणि त्यांनी ते वाया घालवलं. आज दिवसभरात त्याने ठरवून एकच शब्द अगदी बरोबर वापरला, तर त्या पाव घेऊन आल्या. सिस्टरांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्या अंगणात गेल्या. मीटरवाले गाडीवर बसले होते, डावा हात हँडलवर. त्यांनी किकवर नजर टाकली. सिस्टरांनी दोन-तीनदा किक मारली तेव्हा गाडी चालू झाली. मीटरवाल्यांनी डाव्या हाताने क्लच दाबला, डाव्या पायाने गिअर टाकला, आणि मागचं चाक हवेत फिरायला लागलं. त्यांचा चेहरा उजळला. आणि ते बोलू लागले.

“ती... हिरवी... पेटी नाही, वर, वर. आणि साखर म्हणाली, पावसा, खाली ये. मग मी आपला...” ते हसले, सिस्टरांकडे पाहिलं, भुवया उंचावल्या. पूर्वी कधीतरी सांगितलेली, दोघांच्या माहितीतली गंमत असावी तसे.

सिस्टर जवळ सरकल्या. “हिरवं दार का? हिरव्या दाराचं घर?”

मान नाही म्हणून हलली.

“मीटर उंचावर होता? शिडीवर चढला होतात?”

नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, सावकाश, त्याच शब्दांनी. पुन्हा भुवया उंचावून थांबले. सिस्टरांनी आठवून पाहिलं, अगदी जीव तोडून आठवून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

“मी तेव्हा ऐकलंच नाही हो,” त्या म्हणाल्या. त्यांना रडू फुटलं. “पुन्हा सांगा. कसंही सांगा, मी ऐकते.”

मीटरवाले त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी गाडी न्यूट्रल केली, डावा हात सोडवून बायकोच्या डोक्यावर ठेवला, आणि एकही शब्द न अडखळता, जन्मभर रोज म्हणत आल्यासारखे म्हणाले,

“राहू दे. झोप तू.”

भर दुपार होती. मागचं चाक अजून फिरत होतं. सिस्टर कपाळावरच्या ग्रीससकट तशाच उभ्या राहिल्या.