अपघाताची कोरी वही

ब्रशवालीच्या कारखान्यात माणसं पाच आणि नोंदवह्या सात. माणसं संध्याकाळी घरी जात, वह्या मात्र कायमच्या मुक्कामाला. त्यातली सगळ्यात जाड अपघातांची. तिच्याखाली एकदा पाल सापडली, ती पुढे दोन वर्षं पानात खूण म्हणून चालली. या वहीत ब्रशवाली वीस वर्षं रोज एकच ओळ लिहीत आली होती : ‘आज काही घडले नाही.’ लिहून लिहून अक्षर असं घोटलं गेलं, की शेजारचा पाट्या रंगवणारा ते गिरवायला येई.

नियम असा, की वीस वर्षं अपघात नसेल तर सातही वह्या बंद. आज शेवटचा दिवस होता. महिनाभर ब्रशवाली कात्रीशीसुद्धा दबकून बोलत होती. कारण तिच्या नणंदेने बजावलं होतं, “वहिनी, या वह्या जातील नाहीतर मी जाईन लेकीकडे. ब्रशचे केस बांधायला आले होते, कारकुनी करायला नाही.” आणि नणंदेसारखी गाठ दुसऱ्या कुणाला येत नव्हती. ती गेली की कारखान्याला कुलूपच.

तपासणीला सरकारी कार्यालयातून साहेब आले. वही कपाटावर होती.

“मी काढते,” ब्रशवाली म्हणाली.

“राहू द्या, हात पोचतो माझा.”

हात पोचला. वही थेट त्यांच्या अंगठ्यावर आली.

“लागलं का हो?”

“छे,” साहेब म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. बूट काढला तर अंगठा वांग्याच्या रंगाचा.

नणंदेने बादलीत गार पाणी आणलं. ब्रशवालीने पेन उचललं. वीस वर्षं खरं लिहिलं, मग शेवटच्या ओळीला खोटं कसं लिहायचं?

“वहिनी, थांबा जरा. साहेब, अपघात कशाला म्हणायचं ते तुमच्या नियमात वाचा बघू.”

साहेबांनी बादलीत पाय ठेवूनच वाचलं, “कारखान्याचं यंत्र, हत्यार किंवा माल यांमुळे झालेली इजा.”

“मग वही यातलं काय?”

साहेबांनी वही उलटून मागचा शिक्का वाचला. “यातलं काहीच नाही. वही कार्यालयाच्या मालकीची. म्हणजे नोंद आमच्या वहीत.”

“तुमच्याकडेही आहे?”

“होती. सहा वर्षांपूर्वी बंद झाली. आता सातही उघडाव्या लागतील.”

ब्रशवालीला वाईट वाटलं. “दुखत नसेल तर सोडून द्या, साहेब.”

“दुखतंय ना,” साहेब म्हणाले. “आणि खोटं लिहायची सवय मलाही नाही.” त्यांनी तिच्या वहीवर ‘बंद’ असा शेरा मारला आणि लंगडत निघून गेले.

कार्यालयात सात वह्या उघडल्या. रोज संध्याकाळी सगळं कार्यालय, मोठ्या साहेबांसकट, ‘आज काही घडले नाही’ लिहायला तासभर थांबू लागलं. तिसऱ्या महिन्यात मोठ्या साहेबांनी स्वतः वर लिहून पाठवलं, की वीस वर्षं फार होतात, एक पुरे; आणि सात वह्यांचं काम एका वहीत भागतं. हीच मागणी कारखानदारांनी अकरा वेळा केली होती आणि अकराही वेळा ती विचाराधीन होती. या वेळी आठ दिवसांत मंजूर झाली.

नणंदेने साहेबांना बुटाचा एक ब्रश बांधून पाठवला, अंगठ्याच्या बाजूला मऊ केसांचा. त्याची नोंद कुठेच झाली नाही.