काकडणं थांबलं

भावोजी म्हणतात: डोंगर म्हणजे आपल्या घरचं अंगण.

खरं असं: अंगणातल्या ओढ्याला पाणी आलं, भावोजींना तोंडपाठ असलेली वाट चुकली आणि ताई कमरेपर्यंत भिजली. तशीच तीन तास वाऱ्यात चालली. शेवटी त्यांनी तिला पाठुंगळी घेऊन बचाव-चौकीत आणलं. चौकीवरची नर्स तिचीच धाकटी बहीण.

भावोजींच्या गळ्यात शिट्टी, कमरेला होकायंत्र, पोटरीला सुरी. सोंग पुरं, आत पोकळ वासा.

भावोजी म्हणतात: घाबरू नका, मेहुणीबाई. मघाशी फार काकडत होती. दोन झाकणं ब्रँडी पाजली. आता बघा, कशी शांत झोपलीय.

"काकडणं कधी थांबलं?"

"झाला अर्धा तास. गुण आला ना?"

खरं असं: काकडणं म्हणजे शरीराचं थंडीशी भांडण. भांडण मिटलं नव्हतं, ताई हरत आली होती. पण गाढवापुढे गीता वाचायला वेळ कुणाला होता?

नर्सने वायरलेसवरून स्ट्रेचर मागवलं. दोन तास लागणार होते. ताईला आडवीच ठेवून तिने ओले कपडे कात्रीने कापले, खाली घोंगड्या, वर स्लीपिंग बॅग, काखेत फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या. भावोजी तळपाय चोळायला धावले. उठवून चार पावलं चालवू या, रक्त खेळेल, म्हणाले. नर्सने त्यांचा हात झटकला. हातापायांतलं गार रक्त हृदयाकडे धावलं तर तुम्ही विधुर व्हाल, हे तिने शेजारणीकडे विरजण मागावं इतक्या साध्या आवाजात सांगितलं.

मग एक तास.

(त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तिची दोन बोटं ताईच्या मानेवर होती. एकदा नाडी सापडेना. मग सापडली. भावोजी मधल्या वेळात आपली जुनी शिखरं मोजून दाखवत होते.)

ताईचे दात वाजू लागले.

भावोजी म्हणतात: अरे देवा, पुन्हा थंडी भरली. बिघडवलंत तुम्ही सगळं.

नर्सने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिचे डोळे भरले होते, आणि ते या माणसासमोर पुसायची तिची तयारी नव्हती. ताईने पापण्या किलकिल्या केल्या.

"हे... कुठेत?"

"इथेच आहेत."

ताईचे दात वाजतच होते, पण शब्द नीट उमटले.

"बाहेर बसव त्यांना."

नर्सने दार उघडून धरलं.