तत्त्वज्ञानाची एक जागा

बी.ए.च्या तत्त्वज्ञानाला आठ पोरं भरली नाहीत तर विषय बंद, आणि विषय बंद तर प्राध्यापक घरी, असं संस्थेच्या सचिवांनी चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये प्रभाकररावांना हसतहसत सांगितलं. पोरं सात होती. आठवं शोधायला प्रभाकरराव सायकलवर गावोगाव फिरले, आणि जाम गावच्या चौकात पंक्चरच्या दुकानात त्यांना प्रेमदास सापडला. प्रि-युनिव्हर्सिटी पास, हाताला ग्रीस, खाऊनपिऊन सुखी.

"बी.ए. करून काय होते जी?" त्यानं विचारलं.

बँक म्हणावं, तर बँकेत कॉमर्सवाले लागतात हे जामच्या चौकालाही ठाऊक होतं. बोलण्याच्या भरात प्रभाकरराव म्हणाले, "माझ्यासारखा प्राध्यापक होशील."

प्रेमदासनं हातातला टायर खाली ठेवला. सरांना डोक्यापासून चपलेपर्यंत नीट पाहिलं. किती चाललंय आणि अजून किती चालेल, असं.

सरांची नोकरी वाचली. प्रेमदास बी.ए. झाला, नागपूरहून एम.ए. होऊन आला, तेही पहिल्या वर्गात. मग चौकशी केली तेव्हा कळलं, आसपासच्या कॉलेजांत हा विषयच नाही. जागा एकच, सरांची.

त्यानं कुरकुर केली नाही. सरांनी जागा दाखवलीच होती. ती रिकामी व्हायची होती, इतकंच.

तेव्हापासून तो रोज सकाळी घरी येऊ लागला. सरांची पिशवी धरायचा, कॉलेजच्या जिन्यावर त्यांच्या मागे राहायचा. वळून पाहिलं की हसायचा. प्रभाकरराव कठडा धरून चढू लागले.

"सर, तुमच्या वडलाईले काय झालतं जी?" एकदा त्यानं सहज विचारलं.

"हार्ट."

"कितव्या वर्षी?"

"एक्कावन्नाव्या."

प्रेमदासची बोटं तेवढी हलली. सर पन्नासचे होते.

ऐंशीच्या ऑगस्टात प्रभाकरराव तापानं पडले. चौथ्या दिवशी प्रेमदास खाटेशी येऊन बसला. "वर्गाची काळजी करू नका, सर. मी शिकवून राह्यलो. प्राचार्य म्हणाले, चालू द्या."

"आणि मी बरा झाल्यावर?"

हा प्रश्न प्रेमदासला अभ्यासक्रमाबाहेरचा वाटला असावा. त्यानं पांघरूण सारखं केलं.

"पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं करते हा," सरांच्या बायको विमलाबाई म्हणाल्या आणि औषधाची बाटली त्याच्याच हातात दिली. "तूच पाज रे बाबा. माझ्या हातून घेत नाईत."

प्रेमदासनं बाटली खिडकीशी धरून तिच्यावरची डोसाची चिठ्ठी वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग चमचा काठोकाठ भरला.

"आ करा, सर."

प्रभाकररावांनी बायकोकडे पाहिलं. सांगायचं तरी काय? याला बी.ए.ला आपणच ओढून आणलं, हे? विमलाबाई दारात कौतुकानं उभ्या होत्या.

त्यांनी आ केला.