अजानीनंतरची गर्दी

यंदा ईदला गावी जायचं तर तिकिटाच्या खिडकीसमोर ताटकळायचं नाही, असं थाबेतकाकांनी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं. "माझ्या करमची साइट आहे. मोबाइलवर बोट लावा, आपल्या सोहाग गावाकडची सीट घ्या!" काका कैरोतल्या एका इमारतीचे राखणदार. आसपासचे राखणदारही त्यांच्याच मुलखातले, त्यामुळे बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? गेल्या ईदला बस कंपनीची हीच साइट ऐन विक्रीत झोपली होती आणि काका ईदच्या सकाळी जिन्याखालच्या खोलीत एकटेच बसून राहिले होते. पोराला एका शब्दाने बोलले नाहीत. करमला तेच जास्त लागलं. वर्षभर त्याने साइट घासूनपुसून लखलखीत केली, पण ती का झोपली, हे काही कोणाला कळलं नव्हतं. आता पुन्हा झोपली, तर म्हाताऱ्याला गल्लीत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

विक्रीच्या आदल्या दिवशी दुपारी करमच्या ऑफिसात दमियाना आली. तिचा धंदाच लोकांच्या साइटी पाडण्याचा. कॉम्प्युटरमधून खोटी गिऱ्हाइकं सोडायची, गर्दी वाढवत न्यायची आणि कुठे काय मोडतं ते बघायचं. तिने हळूहळू गर्दी चढवली. पण साइट ढिम्म हलली नाही.

"वा रे वाघा!" करमचे साहेब वजीह यांनी त्याच्या पाठीत धपका घातला. "चला, रोज्याचा दिवस आहे, घरी जाऊ."

"थांबा साहेब," दमियाना म्हणाली. "गर्दी बघितली. आता जेवण बघायचंय."

"कोणाचं जेवण?"

"सगळ्या कैरोचं."

तिने खोटी गर्दी एकदम शून्यावर आणली आणि हाताची घडी घालून वाट बघत बसली. साहेब चुळबुळ करायला लागले. बऱ्याच वेळाने तिने सगळीच्या सगळी गर्दी एका झटक्यात परत सोडली. आणि काय सांगावं! साइट जी आडवी झाली, ती उठायलाच तयार नाही.

करमला लगेच उमगलं. खर्च वाचवायची युक्ती त्याचीच होती, गेल्या ईदच्याही आधीची. गर्दी ओसरली की जादा मशिनं आपोआप बंद व्हायची. साहेबांनी तेव्हा केवढं कौतुक केलं होतं! ती मशिनं पुन्हा जागी होईपर्यंत दारातली गर्दी दार मोडून आत.

"रमजानात संध्याकाळची अजान झाली की अख्खं शहर ताटावर बसतं," दमियाना म्हणाली. "मग हात पुसून सगळे एकदम मोबाइल उचलतात. गेल्या वर्षीही हेच झालं असणार. पण त्या वेळी पडद्याकडे बघत होतं कोण?"

कोण बघणार! सगळेच जेवत होते. करमही खजूर तोंडात टाकून मसुराच्या सुपावर तुटून पडला होता. जन्मभर अजानीच्या तालावर जगलेली ही माणसं, आणि तेवढीच एक वेळ कोणाच्या हिशेबात नाही!

"तुला गं कसं सुचलं?" त्याने विचारलं.

"अरे राजा, मी चर्चवाली. आमचाही उपास चालू आहे, दूध-तूप बंद, पण घड्याळाचा नाही. कुठेही नोकरी केली तरी रमजानात अजानीच्या वेळची ड्यूटी मीच मागून घेते. तुम्ही निवांत जेवावं म्हणून. सगळे जेवतात तेव्हा पडद्यावरची ती गर्दीची रेघ कशी आडवी पडते आणि नंतर कशी उसळते, ते मी वर्षानुवर्षं बघत आलेय."

लोकांनी चार घास सुखाने खावेत म्हणून ही बाई एकटी पडद्यासमोर बसायची, आणि कोणाला त्याचा पत्ताही नव्हता. करमने तिथल्या तिथे आपली लाडकी युक्ती काढून टाकली. साहेबांनी खर्चाच्या नावाने एक उसासा टाकला, पण अडवलं नाही. पुन्हा चाचणी झाली आणि साइट उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी विक्री सुरू झाली आणि संध्याकाळी अजान झाली. रेघ आडवी पडली. सगळे जेवायला आत गेले, करम मात्र हातात खजूर धरून दमियानाशेजारी बसून राहिला.

"खा रे आधी. रेघ काही पळून जात नाही."

"आधी ती उसळू दे."

थोड्या वेळाने रेघ सरळ वर उसळली. साइट चालत राहिली. सीटमागून सीट जात राहिली. मग फोन वाजला.

"मिळालं रे तिकीट! खिडकीजवळची सीट!" थाबेतकाका ओरडत होते. "आपल्या अख्ख्या गल्लीला मिळालं!"

"बाबा, उशीर का केलात? माझा जीव टांगणीला लागला होता!"

"उशीर कसला? निवांत जेवलो. म्हटलं, पोरगा बसलाय ना तिथे लक्ष ठेवून, मग मी घास टाकून कशाला उठू?"

"मी नाही, बाबा," करम म्हणाला आणि त्याने फोन दमियानाच्या हातात दिला. "लक्ष ठेवून जी बसते, तिच्याशी बोला."