डाव्या चाकाचे नट

काका 'नाही' म्हणाले की नाही समजायचं की हो, हेच काकूंना कळेनासं झालं होतं. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला हे कळू नये म्हणजे कमालच. पण झटका आल्यापासून काकांकडे शब्दच चार उरले होते. हो, नाही, डावं, उजवं. एवढ्यावर दोघांनी अख्खा दिवस काढायचा.

त्यात समोर ती जीप. सर्व्हे खात्यात काका जन्मभर हीच जीप डोंगराडोंगरांतून हाकत होते. खात्याने लिलावात काढली तेव्हा त्यांनीच घेतली आणि निवृत्तीनंतर घरच्या गॅरेजात हौसेने खोलली. एक ना धड भाराभर चिंध्या, असा पसारा होता तो. तरी इंजिन बसलं, सीट शिवून आल्या, हिरवा रंगही लागला. आता फक्त चाकं चढवायची, तर काकांचा उजवा हात, उजवा पाय आणि जीभ एकदमच संपावर गेली. तेव्हापासून जीप लाकडी ठोकळ्यांवर आणि काका बॉनेटसमोर खुर्चीत. दोघं दिवसभर एकमेकांकडे बघत बसत.

लेकीने फोनवरूनच जीपला गिऱ्हाईक शोधलं. "रविवारी ओढून नेतील, आई. फक्त चाकं लावून ठेव."

काकूंनी काकांना विचारलं, तर म्हणाले, "नाही."

पण काकांचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी आधीच बजावलं होतं. "काकू, काका उलट बोलतात बरं का. परवा मी विचारलं, या डब्यातले नट कुठल्या चाकाचे? तर म्हणाले डावं, आणि हात उजवीकडे! होतं असं या आजारात. नाही म्हणाले की हो धरून चाला."

तेव्हापासून काकू हो धरून चालल्या होत्या. भोपळ्याचं सूप आवडलं का? "नाही." म्हणजे आवडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भोपळा. काका तोंड वाकडं करत, पण तोंड आता तसंही वाकडंच होतं. जीप विकायची ना? "नाही." म्हणजे विकायची. मग या माणसाचे डोळे का भरून येतात? लेक म्हणे, "बाबांना आता काही कळत नाही गं." माणूस समोर आहे, पण आत कुणी आहे की नाही, हे विचारायचं कुणाला?

शनिवारी सकाळी शेजारच्या इलेक्ट्रिशियनने चाकं नुसती अडकवून दिली. नट काकूंनी आवळायचे होते. दुपारी त्या काकांशेजारी बॉनेटकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि नटांचा एक डबा पुढे धरला.

"कुठल्या चाकाचे हो हे?"

"डावं."

काकू आपल्या डाव्या हाताच्या चाकाशी जाऊन बसल्या. नट काही केल्या धरेना. हात काळे झाले, कंबर धरली, नट नुसता गरगर फिरून हातात परत. मागे काका खुर्चीवर हात आपटू लागले. "डावं! डावं!" आणि छातीवरून आडवा हात नेऊन ते पलीकडचं चाक दाखवत होते.

"म्हणता डावं आणि दाखवता उजवं! मी काय समजू, अहो?" काकूंनी पाना फेकला. रडू काकांसमोर नको म्हणून त्या तडक जीपमध्ये चढल्या आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसल्या.

डोकं वर केलं तेव्हा काचेपलीकडे काका तसाच आडवा हात करून होते. "डावं."

काकूंनी त्या हाताच्या रोखाने पाहिलं. ते चाक आता त्यांच्या डाव्या हाताला होतं.

त्यांनी डावा हात त्या चाकाकडे केला. "हे?"

"हो."

"आणि इकडचं?"

"उजवं."

काकू गारच पडल्या. काका खुर्चीत होते खरे, पण सांगत होते ड्रायव्हरच्या सीटवरून. जन्मभर तिथे बसलेला माणूस आणखी कुठून सांगणार? वेंधळेपणा सगळा बघणाऱ्यांचा होता.

खाली उतरून त्यांनी त्या चाकाला नट लावला. तरी धरेना. काकांनी बोट हवेत उलटं फिरवलं. काकूंनीही उलटं फिरवलं, आणि नट मुकाट्याने आत गेला. या चाकाचे आटेच उलटे होते.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. काकूंनी तो स्पीकरवर टाकून काकांच्या तोंडापुढे धरला.

"बाबा, उद्या जीप न्यायला सांगू ना?"

"नाही."

"आई, म्हणजे हो ना?"

"नाही म्हणजे नाही," काकू म्हणाल्या. "त्यांना कळतं सगळं. गिऱ्हाइकाला तूच कळव."

फोन ठेवला आणि त्यांची नजर स्टुलावरच्या वाटीकडे गेली. सुपावर साय धरली होती.

"अहो, हे आवडतं का तुम्हाला?"

"नाही!" काका असे ओरडले की पलीकडच्या घराची खिडकी उघडली.

इतके दिवस माणूस नाही नाही म्हणत होता आणि आपण चमचा पुढे करत होतो. काकूंना हसू आवरेना आणि डोळेही थांबेनात. वाटी त्यांनी अंगणातल्या झाडाच्या बुंध्याशी रिकामी केली, काकांसमोर स्टूल ओढून बसल्या आणि एकेका भाजीचं नाव घ्यायला लागल्या. प्रत्येक नावानंतर त्या थांबत होत्या.